पाण्याच्या गोळीचे डॉक्टर

सर लघवीला गेले की आमची ओपीडी थांबायची. स्वतःची रक्तदाबाची गोळी घेऊनच ते सकाळी यायचे, आणि अकराच्या सुमाराला ती आपलं काम दाखवायला लागायची. मग समोरच्या पेशंटच्या छातीवरचा स्टेथोस्कोप त्याच्याच हातात देऊन "पकड, आलो" म्हणत सर मागच्या दाराने पसार व्हायचे. पेशंट बिचारा ती चकती छातीला लावून श्वास रोखून बसायचा, कारण श्वास सोडायला त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. सर परत येऊन "सोड आता" म्हणायचे आणि उरलेली तपासणी पुरी करायचे. चीड आणणारी गोष्ट म्हणजे निदान बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मी तेव्हा नुकतीच एमबीबीएस झाले होते आणि सरकारी सेवेच्या बॉण्डचं वर्ष काढायला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येऊन पडले होते. मूळची सांगलीची. सरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तरी शेवटपर्यंत ते मला "ए पुण्याची" अशीच हाक मारत राहिले. "सर, सांगली," मी म्हणायची. "तेच ते," सर म्हणायचे. चंद्रपूरच्या पलीकडे त्यांच्या नकाशावर एकच गाव होतं आणि तिथे सगळे लोक दुपारी झोपत होते.

स्वतः सर आरमोरीकडच्या धानवाल्या घरातले. निवृत्तीला टेकलेले, पायात रबरी स्लीपर, वरच्या खिशात पेन असतं तिथे गोळ्यांची पट्टी. खुर्चीवर बसत नसत. "बसून तपासलं की डॉक्टरले झोप येते," असं त्यांचं म्हणणं. आवाज असा, की त्यांनी एखाद्याला कानात काही सांगितलं तर औषधाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ते कळावं. आमच्या वॉर्डात गुपित नावाची वस्तू शिल्लकच नव्हती. कुणाला मूळव्याध, कुणाच्या घरवाल्याला कुठला आजार, सगळ्या तालुक्याला सरांच्या तोंडून समजायचं. इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, "आपल्याकडं लाऊडस्पीकर सरकारी हाय, बिघडत नाई."

सरांचं त्या गोळीवर प्रेम होतं. हायड्रोक्लोरोथायझाइड हे तिचं नाव. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून लोक तिला पाण्याची गोळी म्हणायचे आणि सरांना, पाठीमागे, मुतवणारे डाक्टर. सरांना हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काडीचाही अपमान वाटत नसे. नव्या नव्या गोळ्या सुचवणारे प्रतिनिधी गडचिरोलीहून बॅगा घेऊन यायचे, चकचकीत कागद पसरायचे. सर ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पेशंट किती वेळा उठते?" प्रतिनिधी गोंधळायचा. "मंग गोळी काम करते हे त्याले कसं समजीन?" की झाली मुलाखत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "थायझाइड कुठी काम करते?" मी पाठ केलेलं उत्तर फेकलं. मूत्रपिंडातल्या नळीचा दूरचा भाग, सोडियम आणि क्लोराइड ओढून घेणारी वाट बंद होते, वगैरे. सर म्हणाले, "पुस्तक बोल्लं. आता तू बोल." आणि मला रुग्णालयामागच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घेऊन गेले. रोवणी होऊन गेली होती, घोट्यापर्यंत पाणी. नवी चप्पल हातात आणि सलवार गुडघ्यावर घेऊन मी चिखलात उभी, आणि सर समोर धुऱ्यावर, म्हणजे कोरड्या बांधावर. हा माझा औषधशास्त्राचा वर्ग.

"हे पाहा. रक्तातून गाळून निघालेलं पाणी म्हणजे तलावातून सुटलेली नहर, तुमच्याकडचा कालवा. तिच्यात मीठ हाय. शरीर कंजूष, त्याले हे सगळं वापस पायजे. म्हणून नहरीच्या दोन्ही बाजूनं शेतकरी बसवले. पहिल्या टप्प्यातले मोठे शेतकरी, ते निम्म्याच्या वर ओढून घेतात. मधले त्याच्या खालोखाल. शेवटाकडं एक लहान शेतकरी, त्याच्या वाट्याले थोडं येते. आपली गोळी त्या लहान्याच्या शेताचं तोंड बुजवते. मंग त्याच्या वाटचं मीठ नहरीतच राह्यते. अन् मीठ जिकडं, पाणी तिकडं."

"आणि मधल्यांचं तोंड बुजवलं तर, सर?"

"त्याची गोळी येगळी. ते पूर आणते. हे आपली हळू चालते. पहिले काही आठवडे पाणी उतरते, मंग रक्तवाहिन्याच सैल पडतात अन् दाब खाली राह्यते. काऊन सैल पडतात ते इचारू नको, ते पुण्याले माहीत असन."

मला वाटलं संपलं. पण सरांना शेवटचा शेतकरी दाखवायचा होता. नहरीच्या अगदी टोकाला जो बसलाय, त्याच्यापुढे अचानक एवढं मीठ आलं की तो हावरटासारखं ओढतो आणि बदल्यात घरचं पोटॅशियम नहरीत सोडून देतो. हे दाखवायला सरांनी स्लीपर काढली आणि पायाने सरळ धुरा फोडला. पाणी भसकन खालच्या बांधीत गेलं. त्यामागोमाग बांधीचा मालक आला.

"काऊन हो डाक्टर! माह्या धुऱ्यानं तुमचं काय बिघडवलं?"

"फुटून राह्यला होता, मी पायानं दाबून धरला," सर म्हणाले. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी तिथेच त्या माणसाचा दाब मोजला, तो वाढलेला निघाला (धुरा फुटल्यावर कुणाचा वाढणार नाही?) आणि त्याला पट्टी देऊन घरी पाठवला. चूक कबूल करणं सरांच्या स्वभावात बसत नसे. एकदा गडचिरोलीची बस तीनला सुटते यावर त्यांची सिस्टरांशी पैज लागली. बसची वेळ कधीच बदलली होती. सर स्टॉपवर जाऊन उन्हात उभे राहिले, बस साडेपाचला आली, आणि आल्यावर कंडक्टरलाच म्हणाले, "तीनची बस लय उशिरा आणली." कंडक्टर पाहतच राहिला आणि सर तिकीट न काढता घरी परतले.

पण गोळीचे तोटे ते लपवत नसत, हेही सांगायला हवं. उलट रंगवून सांगत. एका निवृत्त गुरुजींच्या पायाचा अंगठा एका सकाळी असा सुजला की चादरीचा स्पर्श सहन होईना. "गुरुजी, गोळीनं युरिक अ‍ॅसिडची बाहेर जायची वाट अडवली. ते जाऊन अंगठ्यात बसलं," असं सांगून सरांनी गोळी बंद केली आणि वर वॉर्डभर ऐकू जाईल असं जोडलं, "मटन कमी करा, ते कारणबी हाय." गुरुजी माळकरी होते. अंगठ्यापेक्षा त्यांचं तोंड जास्त लाल झालं. पोस्टातल्या एका बाबूची साखर वाढायला लागली, तर सर त्याला केळी खायला सांगू लागले. मी हादरले. साखर वाढलेल्याला केळी? सर म्हणाले, "याचं पोटॅशियम पाहा, तळाले गेलं. ते घटलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, पन मन नसल्यासारखं सोडते. पहिले ते भरून काढू, गोळी अर्धी करू, मंग साखरेचं पाहू." साखर खरंच उतरली. उन्हाळ्यात एक म्हातारबा यायचे, ते गोळी घेऊन वर तांब्यावर तांबे पाणी प्यायचे. अंगातलं मीठ इतकं पातळ झालं की घरच्या म्हशीला वहिनी म्हणू लागले. मीठ भरून निघाल्यावर शुद्धीवर आले, तेव्हा कळलं, सर्वांत जास्त वाईट खऱ्या वहिनीला वाटलं होतं.

आणि बांधीतल्या त्या वर्गाच्या शेवटी, चिखल धुताना, सर म्हणाले होते, "अन् फार क्वचित या गोळीनं स्वादुपिंडच सुजते. पुस्तकात हाय. पन आपल्याकडं ते नाई दिसत. आपल्याकडं स्वादुपिंड सुजवाले मोहफूल हाय." मीही हसले होते.

जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दुकान नाही. मोहाची झाडं मात्र जंगलभर आहेत आणि फुलं गोळा करणाऱ्यातल्या काहींना ती सडवायची कशी आणि हंड्यातून थेंब थेंब उतरवायची कशी हे चांगलं माहीत असतं. त्याशिवाय बाहेरून चोरून येणारी पेटीतली बाटली. त्यामुळे पोट धरून कुणी आलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोणती? मोहाची का पेटीची?" पुरुष ओशाळून उत्तर द्यायचे. बाया पदर तोंडाशी न्यायच्या. प्रश्न विचारून झाला की सर निम्मं निदान झाल्यासारखे खूश असायचे.

अंतकलाबाईला आणलं तो बाजाराचा दिवस होता. धानोऱ्याकडच्या रस्त्यावर जंगलातलं एक गाव आहे, तिथली ही बाई. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, कपाळावर मोठं गोंदण. गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिने बायांना घेऊन नाल्याकाठच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या होत्या आणि ग्रामसभेकडून ठराव करून घेतला होता, की जो गाळेल त्याला दंड आणि जो पिऊन घरी मारेल त्याला गावासमोर उभं करायचं. त्या गावातल्या बाया तिच्या भरवशावर संध्याकाळी दाराला कडी न लावता स्वयंपाक करत होत्या. सरांनी तिचा रक्तदाब काही आठवड्यांपूर्वी शोधून काढला होता आणि अर्थातच तिला पाण्याची गोळी सुरू केली होती.

त्या दिवशी बाई पुढे वाकून, पोट आवळून, ओकत आली. दुखणं बेंबीच्या वर आणि तिथून थेट पाठीत. बरोबर मंडळाच्या बाया आणि गावातली जीपभर माणसं. वॉर्ड भरलेला. सरांनी पोटाला हात लावला, बाई कळवळली, आणि सरांच्या तोंडातून सवयीने निघालं, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

"कोणती घेतली बाई? मोहाची का पेटीची?"

 बाईने दुखण्यातूनही डोळे उघडले. "मी नाई घेत जी."

"सगळे असंच म्हणतात," सर म्हणाले आणि सलाइन लावायला सांगितलं.

रक्ताचा नमुना गडचिरोलीला गेला, तपासणीत स्वादुपिंड सुजल्याचं पक्कं झालं. सोनोग्राफीत पित्ताचा खडा नाही. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्यलं?" तोंड बंद, सलाइन चालू, दाब खाली आला होता म्हणून गोळीही बंद. काही दिवसांत बाई उठून बसली, खिचडी खायला लागली. पण तोवर ती बातमी गावात पोचली होती. तुळशीराम नावाचा माणूस, ज्याचे हंडे बाईने स्वतः काठीने फोडले होते, चौकात उभा राहून सांगत होता की अध्यक्षीण आमचे हंडे फोडते आणि घरात आपला लपवून ठेवते, डाक्टरच बोल्ले. पुढच्या ग्रामसभेत बाईला मंडळातून काढायचं आणि तो दंडाचा ठराव रद्द करायचा, असं त्याच्या बाजूच्या लोकांनी ठरवलं. हे सांगायला आलेली बाईची सून वॉर्डाच्या दारात रडत होती.

सुट्टीचा कागद झाला, तर बाई जागची हलेना.

"बोल्ले तुमी तोंडानं," ती सरांना म्हणाली, "तं तोंडानंच वापस घ्या. माह्या गावात येऊन. तंवर मी इथून नाई जात."

"मी जे पाह्यलं ते बोल्लो," सर म्हणाले. बसस्टॉपवर उभे होते तसेच उभे.

बाईने रुग्णालयाच्या व्हरांड्यात, औषधाच्या खिडकीजवळच्या बाकावर ठाण मांडलं. पोलिसांना बोलवा, असं कुणीतरी सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, बोलवाच, म्हणजे पेपरात येऊ. तेव्हा बाई राहिली. रात्री बायांच्या वॉर्डात झोपायची, दिवसा बाकावर बसायची, रुग्णालयाची खिचडी खायची. आणि दिवसभर रिकामं बसणं तिला जमेना म्हणून ती येणाऱ्या जाणाऱ्याचं तोंड हुंगू लागली. पेशंटचा नातेवाईक पायरी चढला की बाई उठायची, त्याच्यापुढे उभी राहायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "जा. तोंड धुऊन ये. डोकं ताळ्यावर आलं की ये." ड्रायव्हरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे मागच्या दाराने यायला लागले. त्या दारापाशी सरांशी टक्कर व्हायची. रुग्णालयात पहिल्यांदाच शांतता नांदू लागली आणि सिस्टर मला म्हणाल्या, "बाईले इथंच नोकरी देता येत असन तं पाहा."

सर चिडले होते, पण पेशंट सोडणारे नव्हते. बाईचा दाब पुन्हा वर गेलेला दिसला. त्याच सकाळी त्यांनी पट्टी खिशातून काढली आणि स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर गोळी ठेवली. "धरणं धरा, पन गोळी खा." बाईने खाल्ली. मग रोज सकाळी हेच. सर काही न बोलता हात पुढे करायचे, बाई काही न बोलता गोळी घ्यायची, दोघंही दुसरीकडे पाहायची. आम्हाला हा कार्यक्रम बघायची सवय लागली होती.

एका सकाळी ती बाकावरून पुढे वाकली आणि ओकायला लागली. तेच दुखणं, तिथेच, तसंच पाठीत जाणारं.

मी आणि सिस्टर धावलो. सर आले, पोटाला हात लावला, तोंड उघडलं. "मोहा..." एवढंच निघालं आणि थांबले. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाई त्यांच्याच दाराशी, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलेली होती. तिने कुणालाही तोंडाचा वास लपवू दिला नव्हता, तर स्वतःचा काय लपवणार? आमची खिचडी खात होती, आमच्या नळाचं पाणी पीत होती. आणि यापलीकडे तिच्या पोटात एकच गोष्ट गेली होती, सरांच्या हातून.

सर बाकावर बसले. मी त्यांना त्याआधी बसलेलं पाहिलं नव्हतं. "पहिल्या वेळेस गोळी सुरू होती," ते हळू आवाजात म्हणाले, म्हणजे फक्त मला आणि सिस्टरांना ऐकू आलं. "बंद केली तं बरी झाली. सुरू केली तं... पोरी, हे मलेच माहीत होतं ना? मीच तुले सांगतलं."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, जे जे दुसरं कारण असू शकतं ते सगळं त्यांनी तपासायला पाठवलं. सगळं ठीक आलं. मला वाटतं त्यांना मनातून काहीतरी बिघडलेलं हवं होतं. गडचिरोलीच्या एका फिजिशियन मित्राशी फोनवर बोलले, तोही म्हणाला, गोळीच. का सुजतं स्वादुपिंड, हे त्यालाही नीट सांगता येईना. कुणालाच येत नाही, सर म्हणाले, आणि पहिल्यांदा त्या वाक्यात त्यांनी पुण्याला ओढलं नाही. बाई या खेपेला लवकर बरी झाली. दुखणं पुरतं थांबल्यावर सर तिच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, "ग्रामसभा कधी हाय?"

सभेला आम्ही रुग्णालयाच्या जीपने गेलो. सर, सिस्टर, मी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी अंतकलाबाई, जिने वाटेत दोनदा ड्रायव्हरकडे वळून मोठा श्वास घेतला. समाजमंदिरासमोर गाव जमलं होतं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. तुळशीराम बोलत होता. आम्हाला पाहून तो थांबला आणि कौतुकाने म्हणाला, "डाक्टर साहेबच आले. इचारा त्यायलेच."

सरांनी घसा खाकरला. आणि मग, काय सांगू, त्यांनी काठी घेऊन मातीत नहर काढायला सुरुवात केली. मोठे शेतकरी, मधले, लहान शेतकरी. मीठ जिकडं, पाणी तिकडं. लोक पाहत होते. एक म्हातारा म्हणाला, पाटबंधारेवाले आले का? सर टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचले, पोटॅशियमला हात घातला, आणि तेवढ्यात अंतकलाबाई बायांमधून उठली.

"डाक्टर, नहर राहू द्या. बोला."

सरांनी काठी टाकली.  त्या माणसाचा मला तोवर नुसता राग आणि नुसती मजा वाटत आली होती. त्या क्षणी मला त्यांच्यासाठी भीती वाटली.

"बाई दारू पेत नाई," सर म्हणाले. आवाज नेहमीचा, लाऊडस्पीकरचा. "बाईचं पोट माह्या गोळीनं सुजलं. एकदा नाई, दोनदा. मी न तपासता भर वॉर्डात तिचं नाव खराब केलं. ते मी वापस घेतो. माही चूक."

 मग तुळशीराम हसला. "डाक्टर, बाईले वाचवून राह्यले तुमी. दवाईनं कधी पोट सुजते का?"

"सुजते. फार क्वचित, पन सुजते."

"मंग माह्या पोटातबी तुमचीच गोळी का?" लोक हसले.

"तुह्या पोटात काय हाय ते साऱ्या गावाले वास येते," सर म्हणाले, आणि आता बायासुद्धा हसल्या. "पन हो, पट्टी तुह्याबी खिशात हाय. मीच देल्ली."

सभेने बाईला मंडळात ठेवलं. दंडाचा ठराव तसाच राहिला. बायांनी टाळ्या वाजवल्या, सिस्टरांनी डोळे पुसले. पण सरांचं ते शेवटचं वाक्य ऐकून गावातल्या निम्म्या माणसांचा हात खिशाकडे गेला होता, आणि परत निघताना समाजमंदिरामागच्या नालीत मी पांढऱ्या गोळ्या पडलेल्या पाहिल्या. बऱ्याच होत्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ओपीडीत त्या बाजूच्या गावांतलं कुणीही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रक्तदाबाच्या पेशंटांची रांग असायची तिथे एक कुत्रं झोपलं होतं. सर उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. अकरा वाजले तरी मागच्या दाराने गेले नाहीत.

"शंभरातल्या बहुतेकायले ही गोळी चालते," ते मला म्हणाले. "त्यायनं ते सोडली. दाब काही सांगून येत नाई. उद्या एखाद्याचं तोंड वाकडं होईन, हातपाय जाईन, अन् ते माह्या खऱ्या बोलण्यानं जाईन. आयुष्यात एक डाव चूक कबूल केली, पोरी, तं हे."

 मी म्हटलं, आपण गावात जाऊन समजावू. ते म्हणाले, "कोण ऐकीन आता माहं?"

दुपारच्या बसमधून माणसं उतरली. पुढे अंतकलाबाई, तिच्या मागे मंडळाच्या बाया, आणि बायांच्या मध्ये, गुरं हाकत आणावीत तसे, त्या गावातले सगळे दाबाचे पेशंट. कुणी मान खाली घातलेली, कुणी वैतागलेला. सगळ्यात शेवटी तुळशीराम, दोन्ही बाजूंनी दोन बाया.

"आनले," बाई म्हणाली. "घरोघर जाऊन आनले. घाबरून गोळ्या फेकून राह्यले होते. मी म्हटलं, जो माणूस आपली चूक सांगाले आपल्या गावात येते, तो गोळी काऊन खोटी देईन? ज्याले चालन त्याले द्या. ज्याले नाई चालत त्याचं पाहा."

सरांनी एकेकाचा दाब मोजला, पोट तपासलं, रक्त काढायला सांगितलं. आवाज चढला नाही. प्रत्येकाला गोळीने काय बिघडू शकतं ते सांगत होते, अंगठा, साखर, मीठ, पोट, आणि असं काही वाटलं तर गोळी थांबवून सरळ इकडे या म्हणत होते. रांग संपत आली तेव्हा बाई स्वतः पुढे आली. तिच्यासाठी सरांनी वेगळी गोळी काढली होती. तिने ती हातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. मागची सगळी माणसं बघत होती.

"हे पाण्याची हाय का?"

"नाई. ही नसा सैल करते."

"हिच्यानं काय बिघडते ते आधी सांगा."

"पाय सुजू शकतात. डोकं दुखन थोडं."

"पोट?"

"पोटाले सहसा काही नाई करत. पन मी आता कशालेच 'नाई'च म्हणत नाई."

बाईने मान हलवली. "अन् बिघडलं तं?"

"तं गोळी बंद करीन. अन् चूक माही म्हणीन."

"गावात येऊन?"

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"गावात येऊन," ते म्हणाले.

बाईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी न मागता गिळली आणि मागे वळून तुळशीरामला हाताला धरून पुढे ओढलं.